डबी काजवालीकडे

गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात बायकांना नावं होती, पण ती हजेरीपुरती. एरवी कॉलर जोडणारी ती कॉलरवाली आणि काजं करणारी ती काजवाली. दोघींची मशिनं शेजारी शेजारी, आणि दोघींत मिळून बिनवायरच्या इअरबड्सची एकच जोडी. काजवालीच्या मुलानं नवे घेतले तेव्हा जुने तिच्या वाट्याला आले होते. दोन्ही कान बंद केले तर सुपरवायझरची हाक कशी ऐकू येणार? म्हणून डावा कॉलरवालीला, उजवा काजवालीला.

ते दिवस काजवालीला अजून जसेच्या तसे आठवतात. जुनं गाणं लागलं की दोघींचे पाय मशिनवर एकाच ठेक्यात पडायचे. कॉलरवाली तर मोठ्यानं गायची, तेही आपण मनातल्या मनात गातोय अशा समजुतीनं. एकदा डावा बड तिच्या खिशातून थेट धुण्यात गेला, तरी उन्हात वाळवल्यावर पुन्हा गायला लागला. "मेला चिवट आहे, आपल्यासारखाच," कॉलरवाली म्हणाली होती.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि कॉलरवालीनं काम सोडलं. निरोपाच्या दिवशी काजवालीनं तिचा डावा बड तिच्याच हातावर ठेवला. "असू दे ताई, आठवण." दोघी डोळे पुसत घरी गेल्या. बड चार्ज होतो तो डबीत, आणि डबी तर काजवालीच्याच पिशवीत, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. देव अक्कल वाटत होता तेव्हा या बहुतेक चहाला गेल्या होत्या.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कॉलरवाली दारात हजर. "अगं, हा मुका झाला की!"

बड डबीत गेला, कॉलरवाली स्टुलावर बसली, आणि तो चार्ज होईपर्यंत सुनेपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांचा समाचार घेऊन झाला. मग तो नेमच पडला. वर्षं गेली तशी बॅटरी थकत गेली. आधी आठवड्यातून एकदा-दोनदा येणारी कॉलरवाली दिवसाआड येऊ लागली, मग रोज. लोक बॅटरी टिकत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतात, काजवाली मनातून दुवा देत होती.

आणि मग कॉलरवालीच्या लेकीनं तिला नवीकोरी जोडी आणली, डबीसकट. ती दाखवायला कॉलरवाली कौतुकानं आली. "छान आहे," काजवाली म्हणाली, पण आता ही कशाला येईल, असं तिच्या मनात आलं.

झालंही तसंच. कॉलरवालीचं येणं बंद झालं. "गरज सरो, वैद्य मरो," असं पुटपुटत काजवाली एकटीच डबा खायची. फोन करायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पण रुसवा तरी किती दिवस पुरवायचा? स्टूल रिकामं बघवेना, तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती स्वतःच कॉलरवालीच्या घरी गेली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. कॉलरवालीच्या दोन्ही कानांत बड होते.

"आवाज कसा येतो?" काजवालीनं फुरंगटून विचारलं.

"झकास येतो." कॉलरवालीनं ते काढून ठेवले. "पण ऐकवत नाही गं. रोज दुपारी चपला घालते. मग वाटतं, आता जाऊन सांगू काय? चार्जिंग तर घरीच होतं. कामातल्या बाईला उगाच कशाला खोळंबवा? की काढते चपला."

काजवालीचा राग कुठल्या कुठे गेला.

"मला तुझ्याशिवाय करमत नाही, ताई. डबा घशाखाली उतरत नाही. निमित्त कशाला हवंय तुला? नुसती ये."

कॉलरवालीनं घड्याळाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीची वेळ होत आली होती. ती लगबगीनं चपला शोधू लागली. काम सुटल्यापासून तिला वारांचं भान राहिलेलं नव्हतं, आणि आज कारखाना बंद आहे हे काजवालीनं तिला सांगितलं नाही.