साक्षीदाराची रिकामी रेघ

द्वारका गेली हे संपतला एकाच दिवशी दोनदा सांगण्यात आलं. पहिल्यांदा सकाळी दहाला, दुसऱ्यांदा दुपारी साडेचारला. मधल्या वेळात तिची छाती वरखाली होत होती, हात हातात घेतला तर ऊब लागत होती, आणि संपत तेवढ्याच आधारावर बाकावर बसून होता.

रविवारी सकाळी मांजरीला घरच्या रोपवाटिकेत उसाच्या रोपांचे ट्रे भरता भरता ती म्हणाली होती, "अहो, डोकं फार ठणकतंय." मग ती ट्रेच्या थप्पीशेजारी बसली ती बसलीच. इस्पितळात न्यायला चाळीस मिनिटं लागली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. मंगळवारी सकाळी पहिली तपासणी झाल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून संपतसमोर बसले आणि म्हणाले, मेंदू थांबलाय. नियमाप्रमाणे सहा तासांनी पुन्हा तपासू, पण आशा धरू नका.

"मग छाती हलतेय ती?" संपतनं विचारलं.

"ती मशीन हलवतंय."

डॉक्टर उभ्याउभ्या सांगून निघून गेले नाहीत, बसून बोलले, हे संपतला बरं वाटलं. समजलं सगळं होतं. पटायचं राहिलं होतं.

तनुजा, त्यांची एकुलती एक मुलगी, खराडीला कंपनीत नोकरीला. इस्पितळानं आधार कार्ड आणि रेशन कार्ड मागितलं म्हणून ती घरी गेली. घरातले सगळे कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचे. सातबारा, लाइट बिलं, जमिनीचे जुने नकाशे, सगळं त्यातच. ती पिशवी अख्खी उचलून तनुजा दुपारी परत आली. येताना रिक्षात तिनं ती उघडून पाहिली असावी, कारण आल्यापासून ती बापाकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची.

तोवर लोणी काळभोरहून संपतची सासू तुळजाबाई आणि मेहुणा विक्रम येऊन पोचले होते. सासूला संपत मामी म्हणायचा. म्हातारी काचेतून लेकीकडे एकदा बघून आली आणि बाकावर मांडी घालून बसली. रडली नाही. "अंगावर पांघरूण नीट घाला म्हणावं तिच्या," एवढंच बोलली.

साडेचारला दुसरी तपासणी झाली. या वेळी डॉक्टरांबरोबर एक बाई होत्या. पद्मजा मॅडम. अवयवदानाचं काम बघतात, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. त्यांनी चौघांना एका लहान खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि सगळ्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत बोलायला सुरुवात केली नाही.

"एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही, आणि पुढचं सगळं तितकंच नीट होईल. ताईंची मूत्रपिंडं, यकृत, डोळे हे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू शकतात. तुमची परवानगी असेल तर."

विक्रमनं मांडीवर थाप मारली. "दाजी, माझं ऐका. अशा वेळी घरच्यांना विचारत बसणं म्हणजे डोक्याला ताप. बाहेरच्या काही देशांत विचारतच नाहीत. ज्याला द्यायचं नसेल त्यानं जिवंतपणी लिहून ठेवायचं. बाकी सगळ्यांचं हो धरायचं. आपल्याकडं पण तसाच कायदा पाहिजे."

"न इचारता घ्यायची सवय हाय तुला," तुळजाबाई म्हणाली.

विक्रमनं मांडीवरचा हात काढून घेतला. म्हातारीला काय म्हणायचं होतं ते खोलीतल्या तिघांना कळलं, पद्मजा मॅडमना कळलं नाही. आठ वर्षांपूर्वी वडिलांच्या जमिनीच्या वाटणीच्या वेळी विक्रम आईला बरोबर घेऊन, हक्कसोडपत्रासह मांजरीला आला होता. बहिणीनं चहा ठेवला, चहा उकळेपर्यंत त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली आणि कप पुढं केला. कागद काय आहे हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

"माझंच चुकत आलंय," तुळजाबाई पुढं म्हणाली. आता ती पद्मजा मॅडमशी बोलत होती. "शाळंतनं काढली, तिला न इचारता. लगीन लावलं, तवा पण न इचारता. कागदावर सही घेतली तवा मी शेजारीच हुते. आता तिच्या अंगाला हात लावायचा तर तिनं व्हय म्हनल्याशिवाय न्हाई. ती काय म्हनली हुती ते सांगा कुनीतरी. न्हाईतर न्यू द्या आमाला जशीच्या तशी."

पद्मजा मॅडम म्हणाल्या, "कायद्यानं त्यांच्या यजमानांनी परवानगी दिली की पुरतं, आजी. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्या कधी या विषयावर बोलल्या होत्या का?"

तनुजानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला. "हे सापडलं. आईचा फॉर्म आहे. ऑर्गन डोनेशनचा."

कागदाला हळदीचा एक डाग होता. वर द्वारकाचं नाव, पत्ता, वय, तिच्या त्या सुट्ट्या सुट्ट्या अक्षरात. सगळ्या अवयवांपुढं खुणा. खाली तिची सही. पहिल्या साक्षीदाराची सही विमलाबाईंची, गल्लीतल्या बचत गटाच्या. दुसऱ्या साक्षीदारापुढं 'जवळचा नातेवाईक' असं छापलेलं, आणि पुढची रेघ रिकामी.

"मागच्या वर्षीच्या संक्रांतीचं," तनुजा म्हणाली. "विमलामावशींनी हळदीकुंकवाला वाण म्हणून हे फॉर्म वाटले होते. स्टीलचे डबे देऊन कंटाळले म्हणाल्या. अर्ध्या बायकांनी तिथंच ठेवून दिले. आईनं आणला. पण हे इनकम्प्लीट आहे."

"अर्धाच का?" तुळजाबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रिकामी जागा दिसत होती. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं. "मन फिरलं असंल तिचं. व्हय म्हनली, मग न्हाई म्हनली. म्हनून ठिवून दिला. दीड वरीस झालं की."

"शक्य आहे," पद्मजा मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "फॉर्म पूर्ण असता तरी आम्ही तुम्हाला विचारलंच असतं. आणि शंका असेल तर नाही म्हणायला काहीच हरकत नाही."

विक्रमनं हात झटकले. "मग झालं. नाही म्हणा, दाजी, आणि मोकळं व्हा."

संपतला मोकळं होता आलं असतं. मन फिरलं म्हणायचं की संपलं, खरं कुणाला कळणार नव्हतं. द्वारका सांगणार नव्हती, आणि बाकी कुणाला माहीत नव्हतं. सासूसमोर, मेहुण्यासमोर, लेकीसमोर त्याची मान वरच राहिली असती.

"तिचं मन फिरलं नव्हतं," तो म्हणाला. "ती रेघ माझी आहे."

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"त्या दिवशी मी जेवायला बसलो होतो. तिनं कागद आणून ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, सही करा. मी वाचला आणि म्हणालो, सवाष्णीनं असले अभद्र कागद घरात आणू नयेत." त्यानं टेबलावरचा ग्लास उगाच सरकवला. "ती म्हणाली, अहो, आजवर दोन कागदांवर सही केली. एक बचत गटाचा, एक विक्रमचा. दोन्हीकडं दुसऱ्यानं बोट ठेवलं तिथं केली. ही माझ्या मनानं केलीय. तुमची तेवढी खाली पाहिजे. मी म्हणालो, बघू नंतर."

"मग?" तनुजानं विचारलं.

"मग पाडव्याला परत म्हणाली. दिवाळीत एकदा चहाबरोबर पेनच आणून ठेवलं. मी पेन कानाला लावलं आणि शेतात निघून गेलो. त्यानंतर तिनं काही म्हटलं नाही. कागद पिशवीत ठेवला. सातबाराच्या जवळ ठेवलाय म्हणजे टाकायचा नव्हता तिला."

तनुजा उठून खिडकीशी गेली. तिची पाठ हलत होती. विक्रम स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. बहिणीच्या तोंडचं स्वतःचं नाव असं ऐकायला मिळेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

तुळजाबाईनं मान वळवून जावयाकडे बघितलं. आता काय ऐकावं लागेल याची संपतनं तयारी केली होती. चाळीस माणसांत ऐकावं लागलं तरी त्याला चाललं असतं.

"म्हंजी तिचं व्हय हुतं," म्हातारी म्हणाली.

"हो, मामी."

"मग बसलाय कशाला? करा सही. अजून किती नंतर बघताय."

पद्मजा मॅडमनी दुसरा कागद पुढं केला, यजमानांच्या परवानगीचा. संपतनं तो पूर्ण वाचला, मग सही केली. जुन्या फॉर्मवरही करू का, असं त्यानं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्याच्यावर आता नको, काका. तो त्यांच्या हयातीतला कागद आहे. तसाच राहू दे."

"माझं एक हाय," तुळजाबाई म्हणाली. "सवाष्ण गेलीय. शेवटची साडी म्हायेरची पाहिजे. आन वटी मी भरनार. आत न्यायच्या आधी."

"भरा," पद्मजा मॅडम म्हणाल्या. त्यांनी आत कुणाला कसं पटवलं ते संपतला कळलं नाही, पण त्यांनी पटवलं.

विक्रम स्वतः लोणीला जाऊन हिरवी साडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुळजाबाई टोपी, मास्क आणि गाऊन घालून आत गेली. त्या वेषात ती इतकी लहान दिसत होती की तनुजाला रडता रडता हसू आलं. नळ्यांच्या मधून वाट काढून म्हातारीनं लेकीच्या पोटावर खण ठेवला, तांदूळ वाहिले, कपाळाला कुंकू लावलं. नारळ ठेवायला गेली तेव्हा नर्सनं अडवलं. "आजी, हे सगळं आता मला काढून ठेवावं लागेल. नारळ तरी राहू द्या."

"मग तूच घे. सवाष्ण हायेस का?"

"लग्न नाही झालं अजून."

"हुईल की. धर."

नर्सनं ओंजळीत नारळ धरला आणि वाकून नमस्कार केला.

बाहेर अतिदक्षता विभागाच्या दारापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. डॉक्टर, नर्स, झाडू मारणाऱ्या मावशी, लिफ्टवाला. अवयव देणाऱ्याला तिथं असा मान देतात, असं पद्मजा मॅडमनी सांगितलं होतं. त्यांच्या मधून द्वारकाची खाट गेली. तिच्या माहेरी, सासरी कुणी तिच्यासाठी असं उठून उभं राहिलेलं संपतला आठवत नव्हतं. तो एकेकाला हात जोडत पुढं गेला. काही जण अवघडले, पण त्यानं कुणाला सोडलं नाही.

दुपारी तिला बाहेर आणलं. हिरवी साडी नेसवायच्या आधी तुळजाबाईनं दार लावून घेतलं आणि सगळं तपासलं. बाहेर येऊन म्हणाली, "नीट शिवलंय. झोपल्यावानी दिसतीया." संपतला त्या डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले. नावही माहीत नव्हतं.

मांजरीला नदीकाठी सगळं पार पडलं. दहाव्याला विक्रम पुन्हा म्हणाला, आवाज खाली ठेवून, "तरी दाजी, न विचारता घेण्याचा कायदा असता तर त्या खोलीत तुम्हाला तसं बोलावं लागलं नसतं."

"नसतं," संपत म्हणाला. "पण मग ती गेली एवढंच कळलं असतं. विचारलं म्हणून तिचं म्हणणं काय होतं ते निघालं. मला त्या बाईंचे उपकार वाटतात. आणि तुझ्या आईचे तर फार."

"आई माझ्याशी अजून बोलत नाही."

"मग तू बोल. कागदाचं बोल."

विक्रम रागावला नाही.

द्वारकाचे अवयव कुणाला गेले ते सांगत नाहीत. संपतनं विचारलंही नाही. सकाळी रोपांना पाणी देताना त्याला वाटतं, आत्ता कुणीतरी तिच्या डोळ्यांनी कुठंतरी चहाचा कप शोधत असेल. एवढं त्याला पुरतं. दीड वर्ष अडवून ठेवल्यावरही ती शेवटी तिच्या मनासारखं करून गेली, याबद्दल तो रोज तिच्या फोटोसमोर हात जोडतो. माफी मागायला जोडतो आणि आभारच मानून उठतो.

तेराव्यानंतर तो विमलाबाईंकडून स्वतःसाठी फॉर्म घेऊन आला. नाव लिहिलं, सगळ्या खुणा केल्या, सही केली. पहिल्या साक्षीदाराच्या जागी तुळजाबाईचा अंगठा घेतला. आधी तिला सगळा वाचून दाखवला. मग कागद तनुजासमोर ठेवला.

तिनं बघितला आणि लॅपटॉप पुढं ओढला. "बाबा, प्लीज. आत्ता नाही होणार माझ्याच्यानं. नंतर बघू."

त्यानं आग्रह केला नाही. आग्रहानं घेतलेली सही द्वारकाला आवडली नसती. कागद त्यानं पिशवीत तिच्या फॉर्मशेजारी ठेवला, आणि पेन पिशवीच्या तोंडाशी दिसेल असं अडकवलं.

या गोष्टीला तीन महिने झाले. तनुजाची सही अजून व्हायची आहे.