वीटभट्टीमागची जमीन

ओदिलियाने लोखंडी सळई जमिनीत हातभर ठोकली, उपसली आणि टोक नाकाशी नेलं. कुजल्याचा वास नव्हता, नुसती कोरडी माती.

"तिथे नाही," मागून चेन्चा म्हणाली. "इकडे. या झाडाखाली."

तीन वर्षं दोघी शेजारणी दर गुरुवारी कुलियाकान शहराच्या आसपासचं माळरान उकरत होत्या. ओदिलियाचा मुलगा एलिसेओ वेल्डिंगच्या दुकानातून घरी येताना टोळीवाल्यांनी उचलला होता. चेन्चाचं कुणी हरवलं नव्हतं. तरी ती यायची, राजमा भरलेल्या मक्याच्या पोळ्या बांधून आणायची, ओदिलिया रडली की पाठीवर हात ठेवायची. आज या वीटभट्टीमागे यायचं तिनेच ठरवलं होतं.

सळई न ठोकताच चेन्चाने फावडं चालवलं. कमरेइतकं खोल गेल्यावर निळं कापड दिसलं. मग गुडघ्याचं हाड, आणि त्याला चार स्क्रूंनी बसवलेली पट्टी. एलिसेओ मोटरसायकलवरून पडला तेव्हाची.

ओदिलिया खड्ड्यात उतरली. हाडावरची माती तिने बोटांनी पुसली, गालावरची पुसावी तशी. सरकारी माणसांना फोन चेन्चाने केला. दोन तास लागतील म्हणाले.

सावली त्या एका झाडाचीच होती. दोघी तिथेच बसल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"नाबोरने."

नाबोर चेन्चाचा मुलगा. तो कुणासाठी गाडी चालवतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"कधी?"

चेन्चा हातावरची माती खरवडत राहिली.

"कधी, चेन्चा?"

"त्याच वर्षी. नाताळाच्या आधी."

ओदिलियाने दूरच्या टेकड्यांकडे पाहिलं. पलीकडचा नाला, कालव्याची कड, जुनं कचऱ्याचं मैदान. सगळीकडे चेन्चा सोबत होती. 'तिकडे भट्टीकडे काय असणार बाई,' असं तीच म्हणायची.

"मी बोलले असते तर त्यांनी नाबोरला जिवंत ठेवलं नसतं."

"मग आज का बोललीस?"

"नऊ दिवस झाले, नाबोर घरी आला नाही. दुसऱ्या टोळीने नेला म्हणतात. मला मार, थुंक माझ्यावर. पण पुढच्या गुरुवारी ये, ओदिलिया. मला हे एकटीला नाही जमायचं."

ओदिलियाने डोक्यावरचा रुमाल सोडला, खड्ड्याशी जाऊन हाडांवर पसरला, कडांना दगड ठेवले. परत आली, पण सावलीत बसली नाही.

"नाबोर गेला तेव्हा अंगावर कोणते कपडे होते त्याच्या?"

नव्याने येणाऱ्या प्रत्येक आईला शोधणाऱ्या बाया पहिल्यांदा हेच विचारतात.

चेन्चाने तोंड उघडलं. तिला आठवेना.