फळ्यावरून पुसलेले नाव

"पेंटर, उद्या मागं बसायचं नाही हां. पहिल्या बाकावर," टेलरमास्तर म्हणाले.

शनिवारची दुपार होती. मी प्रार्थनामंदिरात स्टुलावर उभा राहून फळ्यावर आजाऱ्यांची नावे लिहीत होतो. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा माझा धंदा. अक्षर बरे म्हणून मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, फळा वीस वर्षे माझ्याकडे आहे. कोण आजारी आहे ते पाळकसाहेब चिठ्ठीवर देतात, मी खडूने लिहितो आणि रविवारी सगळे त्या नावांसाठी प्रार्थना करतात. माणूस बरा झाला की नाव पुसायचे. मेला तरी पुसायचे, पण तसे कोणी बोलून दाखवत नाही.

"पहिल्या बाकावर कशाला?"

"आमची ही, तुझी वहिनी, बरी कशी झाली त्याची साक्ष देणार आहे. डॉक्टरांनी लिहूनच दिलंय, आजाराचा मागमूस नाही. ती म्हणते, भाऊजी समोर हवेत."

"मागूनही ऐकू येतं मला."

"ऐकू येतं रे, पण तू प्रभुभोजनाआधी सटकतोस. अकरा महिने बघतोय. मी ताट घेऊन शेवटच्या बाकाशी येतो, तोवर तू चपला घालून पसार."

मी पुढचे नाव लिहायला घेतले. मास्तर आमच्या मंडळीतले सेवक. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर वाटून घेतात तेव्हा, ताट तेच फिरवतात. त्यांच्या हातून मला ती भाकर घ्यायची नव्हती, हे त्यांनाच कसे सांगणार?

आमची ही आणि मास्तरांची बायको एकाच महिन्यात आजारी पडल्या. पोटाचा तोच आजार, आणि दवाखान्यात खाटाही शेजारी-शेजारी. दोघींची नावे मी एकाखाली एक लिहायचो. पाळकसाहेब ती एका दमात वाचायचे. मी मात्र हिच्यापुरतेच 'आमेन' म्हणायचो. भेटायला गेलो की माझी नजर आधी शेजारच्या खाटेकडे जायची. वहिनींनी दोन घास खाल्लेले दिसले की माझ्या तोंडाची चव जायची. त्यांना ताप चढला तर, प्रभू मला क्षमा करो, मला जरा बरे वाटायचे.

ही गेली. माती देऊन आल्यावर चौथ्या दिवशी शनिवार आला. मी ओले फडके घेऊन हिचे नाव पुसले. हात तिथे थांबला नाही. खालचेही पुसले.

"यांना आता बरं वाटतंय वाटतं?" पाळकसाहेबांनी विचारले. मी मान हलवली. त्या दिवशी वहिनींना कुशीवर वळायलाही नर्स लागत होती.

आणि तरी त्या बऱ्या झाल्या. घरी आल्या, चालायला लागल्या. आमची घरे समोरासमोर. त्या कपडे वाळत घालायला आल्या की मी खिडकी लावून घ्यायचो. त्यांचे गाल भरत चालले आणि माझा जीव जळत चालला. नाव पुसल्याबद्दल मास्तर कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी एकदा भांडायला यावे, असे मला फार वाटायचे. चार शिव्या ऐकून सुटलो असतो.

रविवारी पहिल्या बाकावर बसलो. गेलो नसतो तर आणखी चौकशा झाल्या असत्या.

वहिनी पुढे येऊन उभ्या राहिल्या. कागद आणला होता, पण तो उघडला नाही.

"मला बोलता येत नाही, सांभाळून घ्या. मी मरणार हे मी ठरवून टाकलं होतं. शेजारची खाट रिकामी झाली, आता आपला नंबर, असं. त्या रविवारी हे सांगत आले, फळ्यावर तुझं नाव नाही. मी म्हटलं, पुसलं कुणी? तर म्हणाले, पेंटरनं."

माझे कान तापले.

"आपल्यात माणूस बरा झाल्यावरच नाव पुसतात. मी तर पडून होते. मग मला उमगलं. ज्याच्या घरातला दिवा परवाच विझला, तो माणूस विश्वासानं माझं नाव पुसतो. बरी होणारच म्हणून आधीच पुसतो. आणि मी इथं मरणाची वाट बघत बसू? त्या दिवशी मी पहिल्यांदा उठून बसले. मला बरं केलं ते प्रभूनं. पण मला उठवलं भाऊजींच्या विश्वासानं."

सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर थोपटले. तेव्हा मला काय वाटले ते लिहायला लाज वाटते. मला पुन्हा मत्सरच वाटला. माझ्या पापाचासुद्धा उपयोग यांनाच झाला. हिच्या वाट्याला माझी खरी प्रार्थना आली आणि तरी ही गेली.

आमच्याकडे भोजनाआधी पाळकसाहेब थोडे थांबतात. कोणाचे कोणाशी बिनसले असेल तर त्याने उठून आधी ते मिटवावे आणि मगच भाकर घ्यावी, असा रिवाज आहे. उठत कोणी नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघतात. एकदा एक आजीबाई उठल्या तेव्हा अख्खी मंडळी धास्तावली होती, पण त्या खिडकी लावायला उठल्या होत्या.

मी उठलो. बायकांच्या बाकांकडे गेलो आणि वहिनींसमोर वाकलो.

"वहिनी, विश्वासानं नाही पुसलं मी. ही गेली आणि तुम्ही राहिलात, ते मला बघवलं नाही. तुमच्यासाठी कुणी प्रार्थना करू नये म्हणून पुसलं."

हळूच बोललो, पण ताट घेऊन उभ्या असलेल्या मास्तरांना ते ऐकू गेले. त्यांची मान झटकन वळली.

वहिनींचा चेहरा उतरला. हातातला कागद त्यांनी बाकावर ठेवला.

"मग मी कशावर उठून बसले हो, भाऊजी?"

"ते प्रभूला माहीत. माझं एवढंच होतं."

मी परत वळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तीही जळायची माझ्यावर."

"कोण?"

"तुमची बायको, दुसरं कोण? मला पाणी पचायचं, तिला नाही. एक दिवस माझा पेला ढकलून दिला. गादी ओली झाली, तर नर्सला म्हणते, हिनंच सांडलं."

"मग?"

"मग दोन दिवस तोंड फिरवून. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ये, माझे केस विंचर. विंचरले. तर म्हणते, प्रार्थना करत जा माझ्यासाठी, पण माझ्याआधी बरी होऊ नकोस."

मला हसू आले, तोंडावर हात धरावा लागला. मग ते हसू राहिले नाही. अकरा महिने लोक मला एका सोशिक, शांत बाईबद्दल सांगत होते आणि मीही मान हलवत होतो. पेला ढकलून वर खोटे बोलणारी ही, ती माझी बायको होती. तिच्यासाठी मी अजून रडलोच नव्हतो.

"मला राग आलाय तुमचा," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "तो काही आज जायचा नाही. पण जा, जागेवर बसा. मंडळी खोळंबलीय."

मी जागेवर येऊन बसलो. दाराकडे पाहिले नाही.

मास्तर ताट घेऊन माझ्यापाशी आले. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यांची नजर भिंतीवर होती. मी हात पुढे केला. शिडीवर उभा राहून पट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा माझा हात, पण एवढा थरथरत होता की भाकरीचा तुकडा बोटांत येईना. मास्तर पुढे सरकले नाहीत. भिंतीकडे बघतच त्यांनी ताट थोडे खाली आणले, माझ्या हाताच्या उंचीला, आणि तसेच धरून उभे राहिले.