कपाटाची पाठ

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. समोरून पाहाल तर नवेच वाटेन. धर्मशिक्षण देणाऱ्या ख्रिस्ती महाविद्यालयात, ग्रंथालयाच्या ओलसर भिंतीला टेकून मी उभे आहे. बायबलवरचे जाडजूड ग्रंथ माझ्या पोटात आहेत.

भारी लाकूड परवडले नाही, म्हणून सुताराने मला साध्या लाकडात घडवले. तेव्हाच्या प्राचार्यांनी एक रीत घातली. सत्र सुरू होताना प्राचार्यांनी बाह्या सरसावून मला भिंतीपासून ओढायचे आणि माझी पाठ पुसायची. ते म्हणत, "पुढारी म्हणजे सेवक. आणि सेवकाने मागची बाजू आधी बघायची." त्या दिवशी मला न्हाऊमाखू घातल्यासारखे वाटे.

आताच्या प्राचार्यांनीही रीत मोडली नाही. फक्त ते समोरची काच पुसतात, आणि तेवढ्यात फोटो निघतो. महाविद्यालयाला मान्यता देणाऱ्या समितीला तो दाखवायचा असतो.

यंदा समिती यायच्या तोंडावर ग्रंथपालबाईंनी माझ्या कडेला बोट दाबले. बोट आत गेले.

"सर, वाळवी आहे. कपाट रिकामं करू या."

"बाई, परवा समिती आणि आज तुम्ही पसारा काढताय? मान्यता गेली तर मुलांच्या पदवीला कुत्रं विचारणार नाही."

"आणि हे मुलांच्या अंगावर पडलं तर?"

"इतकी वर्षं उभं आहे, अजून दोन दिवस कळ काढेल. समिती गेली की मी स्वतः ओढतो, मग तर झालं?"

प्राचार्य वाईट नव्हते. मुलांची काळजी त्यांनाही होती. त्यांनी मला रंग देऊन घेतला. बाईंनी वाचनाचा बाक माझ्यापासून लांब सरकवला.

समिती आली. एका पाहुण्याने माझ्या कडेवर थोपटले. "असं काम आता होत नाही," तो म्हणाला. माझ्या आत भुसा सरकला.

मान्यता मिळाली, तीही वरच्या श्रेणीची. मुले वाढली, जागा पुरेना, आणि बाक पुन्हा माझ्या पुढ्यात आला. बाई बोलायला गेल्या, तर प्राचार्य हसले. "समितीला जे दिसलं नाही, ते तुम्हालाच बरं दिसतं, बाई."

आता माझ्या आत सतत बारीक कुरकुर चालते. एक मुलगी रोज माझ्या दाराला पाठ टेकून वाचते. काल तिच्या पानावर भुसा पडला. धूळ समजून तिने फुंकर मारली, आणि जाताना हातातला जाड ग्रंथ माझ्या माथ्यावर ठेवून गेली.

मित्रांनो, मला पुसू नका, माझे कौतुकही नको. आधी तिला तिथून उठवा. मग चौघे मिळून मला भिंतीपासून ओढा. मला स्वतःहून बाजूला होता येत नाही.