सुट्टी न मिळालेला पुतळा

सकाळचे पावणेआठ. गोदामाच्या कोपऱ्यावर मालाचा ट्रक मागे आला. तो निघून गेला तेव्हा फुटपाथवर भिंगरी नव्हती.

भिंगरी पाच वर्षांची. पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणून घरात हे नाव पडलं. तिला आणि तिच्या आठ वर्षांच्या दादाला शाळेत पोचवायचं काम आत्याकडे होतं. आत्या शिवणकाम करायची. पोरं हाताशी राहावीत म्हणून तिने जाड कापडाचा पट्टा शिवला होता, त्याला दोन मुठी. दादा मूठ सोडत नसे. भिंगरी मांजर दिसलं की सुटली. समजावून झालं, दटावून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आत्याने खेळ काढला. ती "पुतळा" म्हणाली की जागच्या जागी थिजायचं. आत्याने पाठीवर हात ठेवून "सुट्टी" म्हटल्याशिवाय हलायचं नाही, बोलायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

मात्रा लागू पडली. फक्त भिंगरी रोज हरायची. कालच दादाने गुदगुल्या करून तिला हरवलं होतं.

"तू कसली पुतळा? तू तर जेली!"

"उद्या बघच तू," ती गाल फुगवून म्हणाली होती.

आज ट्रक मागे येताना दिसला आणि आत्या किंचाळली, "पुतळा!" पुढच्या दादाला तिने खसकन ओढलं. मागे भिंगरीची मूठ सुटली; ती ट्रकच्या पलीकडे राहिली. दादाचा गुडघा फुटला.

"डोळे कपाळात गेलेत का?" आत्या ड्रायव्हरवर तुटून पडली.

"आधी पोरं सांभाळा, बाई!" तोही काही कमी नव्हता.

भांडण दोन वाक्यांचं. तेवढं पुरलं.

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. दादाचा हात घट्ट धरून ती गल्लीभर हाका मारत सुटली. पानगळीतल्या पाचोळ्याचा आवाजही ऐकू यावा, असे कान तिने टवकारले होते. ओ आली नाही.

"आत्या," दादा हुंदके देत म्हणाला, "ती ओ नाही देणार. तू सुट्टी म्हटलीच नाहीस."

मग आत्या "सुट्टी! भिंगरे, सुट्टी!" असं ओरडत धावली. लोक वळून बघायला लागले.

कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने मशीन बंद केलं. "लाल दप्तरवाली का? इथेच भिंतीशी उभी होती, ताठ. मी म्हटलं, बाळा, कोणाबरोबर आलीस? पापणीसुद्धा हलवली नाही. मग एक बाई आल्या, त्यांनी उचलून घेतलं."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"पोरगी रडली नाही की ओरडली नाही, ताई. मला वाटलं, त्यांचीच असेल."

"गेल्या कुठे?"

त्याने पुढच्या चौकाकडे बोट दाखवलं. तिथून एक रस्ता शाळेला जायचा, दुसरा बसस्टँडला.

आत्याने आधी पोलिसांना फोन लावला, मग शाळेला. शिपाई बघून येतो म्हणाला. फोन कानाला तसाच लावून ती शाळेच्या दिशेने पळत होती, दादा मागून फरफटत. फोनमधून घंटा ऐकू आली. मग शिपायाचा आवाज आला.

"वर्गात बघितलं, ताई. ती आलेली नाही."