चिकटलं ते खोटं

मी बोलतोय तो एका बंद पडलेल्या रेडिओच्या पोटातला चुंबक. शाळेच्या पेटीत असतो तसा लाल रंगाचा, घोड्याच्या नालेसारखा रुबाबदार नव्हे हं. मी काळा, गोल, मधोमध भोक पडलेला. उडीदवडा जळाला तर कसा दिसेल, तसा.

लोखंडाची बारीक भुकटी दाबून आणि भट्टीत भाजून मला घडवलं. मग विजेचा असा काही हिसका दिला, की लोखंड जवळ आलं की त्याला ओढायचं ही एकच खोड मला जन्माची लागली. बाकी जगातलं मला काही कळत नाही. माणसांना मात्र वाटतं, की याला पुष्कळ कळतं.

स्पीकरच्या मागे वर्षं काढल्यामुळे ऐकायची तेवढी सवय लागली. बातम्या ऐकल्या, गाणी ऐकली, बाजारभाव ऐकले. मग एके दिवशी रेडिओने घसा धरला आणि त्याची रवानगी सुरतेतल्या डिंडोलीच्या नाक्यावर हिलालच्या दुकानात झाली. हिलाल खानदेशचा. आधी कापडाच्या लूमवर होता, मग रेडिओ-पंखे दुरुस्त करू लागला. त्याने मला स्क्रू-ड्रायव्हरने उपटून काढलं आणि रेडिओच्या मालकिणीसमोर धरलं.

"वहिनी, रेडू त गया. हाऊ चुंबक ली जा. भांडा लेवाना टाइमले कामे ई."

रेडिओ गेल्याचं दुःख करावं की चुंबक मिळाल्याचा आनंद, हे त्या वहिनींना ठरवता येईना. त्यांनी मला रुमालात गुंडाळून घरी नेलं. त्यांचं नाव अर्चना. नवरा, अमित, बँकेत. बदली झाली म्हणून धुळ्याहून सुरतेला आलेलं कुटुंब. अर्चना स्वतः बी.कॉम. एकच मुलगी, गौरी, तिसरीत.

अर्चनाचा स्वभाव सांगायला हवा. ती दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभी राही आणि उभं राहून काळजी करी, की इकडे गौरीचा अभ्यास राहतोय. अभ्यासाला बसली की दूध उतू जाई. मग म्हणे, "मला एक काही धड जमत नाही." मी गोदरेजच्या कपाटाला चिकटून हे सगळं ऐकायचो. जाता-येता ती माझ्याशीच बोलल्यासारखी बोलायची. कपाटाला आरसा होता, त्यामुळे ती नक्की कोणाशी बोलते हे मी कधी मनावर घेतलं नाही.

हिलाल म्हणाला तसं माझं काम भांडी घेतानाचं. जुन्या साड्यांवर भांडी देणारी कलाबाई महिन्या-दोन महिन्यांनी डोक्यावर टोपली घेऊन यायची.

"ताई, ही काय साडी झाली? सुरतेत ऱ्हाऊन अशी साडी काढता? हिच्यात मी चमचा बी देनार नाय."

"कलाबाई, दोनदा नेसलेय फक्त."

"मंग नेसा की अजून दहादा!"

अशी अर्धा तास हुज्जत चालायची. शेवटी पातेलं ठरलं की अर्चना हाक मारायची, "गौरी, चुंबक आण गं!" आणि गौरी मला घेऊन धावत यायची. ती मला पातेल्याच्या बुडाला लावायची. स्टील चांगलं असलं की मी घसरून तिच्या हातात पडायचो. भांडं हलकं, लोखंड जास्त असलेलं निघालं, की चिकटून बसायचो. मग गौरी टाळी वाजवून ओरडायची, "चिकटला! आई, खोटं आहे हे!"

"काय पोरगी हाय का हवालदार!" कलाबाई म्हणायची आणि टोपलीतून दुसरं पातेलं काढायची.

अर्चनाला लेकीचं कौतुक वाटायचं. त्या कौतुकात काय काय शिकवलं जात होतं, हे तिच्या ध्यानात यायला शाळेची परीक्षा यावी लागली.

शहरातल्या एका अध्यापन मंदिरातून शिकाऊ शिक्षिका, इथल्या भाषेत बेन, येणार होत्या. प्राथमिक शाळेतल्या मुलांना विज्ञान कितपत समजतं, ते तपासायला. प्रत्येक मुलाला पाच वस्तू-प्रयोगांवर पाच प्रश्न, सगळे तोंडी. इथपर्यंत ठीक होतं. पण मुख्याध्यापकांना वाटलं, तपासणी होतेच आहे, तर याच गुणांवर चौथीच्या तुकड्या पाडून टाकू. अ तुकडीला स्कॉलरशिपची तयारी करून घेणारे सर. ब तुकडीला जे रिकामे असतील ते सर.

झालं. अर्चनाची झोप उडाली.

"अगं, तिसरीची परीक्षा आहे," अमित म्हणाला. "कलेक्टरची नव्हे."

"तुम्हाला काय जातं बोलायला? एकदा ब मध्ये गेली की दहावीपर्यंत ब मध्येच राहील."

तिने गौरीला समोर बसवलं. सावली कशी पडते, बी कसं रुजतं, पाण्याची वाफ कशी होते. गौरी बरी उत्तरं देत होती. मग अर्चनाने मला कपाटावरून उपटलं. "सांग, चुंबकाला काय चिकटतं?"

"खोट्या वस्तू."

अर्चना हसली. मग हसू गेलं. "अगं, लोखंड. लोखंड चिकटतं."

"मग लोखंड खोटं असतं?"

"नाही. लोखंड लोखंड असतं."

"मग तू कलाबाईच्या पातेल्याला खोटं का म्हणतेस?"

अर्चनाने मला हातातल्या हातात फिरवलं. खरं तर तिथेच बसून, घरातल्या चार वस्तू पुढ्यात घेऊन, तिला सगळं उलगडता आलं असतं. पण परीक्षा दोन दिवसांवर होती, आणि शेजारच्या मंदाताई पोळपाट मागायला आल्या असताना सांगून गेल्या होत्या, "आमच्या आदित्यचं सगळं तोंडपाठ झालं हो! झोपेत उठवून विचारा." तेव्हा अर्चनाने सोपा रस्ता धरला.

"हे बघ, खिळा, टाचणी, सुई, एवढंच चिकटतं. भांडी नाहीत, नाणी नाहीत, लाकूड नाही. पाठ कर. आणि खरं-खोटं हा शब्द बेनसमोर काढायचा नाही. काय?"

"नाही काढायचा," गौरी म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या कंपासपेटीतून शाळेत गेलो. शाळेतल्या चुंबकातली ताकद कधीच संपली होती, म्हणून मुलांना घरचा चुंबक असेल तर आणायला सांगितलं होतं. वर्गात टेबलामागे चंचलबेन बसल्या होत्या. तरुण, घामेजलेल्या, पाठीवर लांब वेणी. शेजारी घंटी. एकेका मुलाला ठराविक वेळ, मग टण्ण. खिडकीच्या गजांबाहेर आया उभ्या. त्यांत अर्चना सर्वांत पुढे.

"बोल बेटा, यातलं काय काय चिकटशे?" चंचलबेन मराठी बोलायच्या, पण ती गुजरातीतून अशी घसरत यायची. टेबलावर खिळा, खोडरबर, काचेची बांगडी आणि नवा छोटा रुपया.

"खिळा," गौरी म्हणाली. "बाकी काही नाही. नाणी चिकटत नाहीत."

खिडकीबाहेर अर्चनाने श्वास सोडला.

"सरस. आता लावून बघ."

गौरीने मला खिळ्याजवळ नेलं, खिळा आला. खोडरबर आलं नाही, बांगडी आली नाही. मग रुपया. मी काय करणार? त्या नव्या रुपयात लोखंड होतं. रुपयाने टुणकन उडी मारली आणि मला येऊन बिलगला.

गौरी बघत राहिली. तिने खिडकीकडे पाहिलं. आईने काढू नको म्हणून बजावलेला शब्दच तिला आठवत होता, आणि आई खिडकीतून नुसते डोळे मोठे करत होती.

"का चिकटला, बेटा?"

मग गौरीला राहवलं नाही. रस्त्यावर खेळताना जी भाषा तोंडात यायची तीच आली. "बेन, आ रुपियो तो खोटो छे!"

वर्ग खो-खो हसला. बाहेर मंदाताई म्हणाल्या, "अगोबाई!" अर्चनाने गज घट्ट धरले.

चंचलबेन मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रुपया हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मला वाटतं, तो चिकटेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. "खोटा कसा गं?"

गौरीने कलाबाई सांगितली, पातेली सांगितली, हवालदारही सांगितला. बेननी पर्स उघडली. जुना, मोठा रुपया काढला. मी ढिम्म. "हा खरा," गौरी म्हणाली. दुसरा नवा काढला. चिकटला. "हा पण खोटा." मागे उभ्या असलेल्या शिपाई छगनभाईंनी कौतुकाने खिशातून आपली नाणी काढली. नवे रुपये सगळे चिकटले, जुना एकही नाही. दुकानदार तर ही नाणी घेतो, मग खोटी कशी, म्हणून छगनभाई घाबरले. "बेन, दुकानवाला तो लई ले छे ने?"

गौरी आता कोणाकडेच बघत नव्हती. तिने नवे एका बाजूला लावले, जुने दुसऱ्या. पुन्हा एकेकाला मला लावून पाहिलं. कपाळाला आठ्या. बराच वेळ गेला. अर्चना खिडकीतून कुजबुजत होती, "पुढचा प्रश्न, पुढचा प्रश्न..."

"सगळ्यांचेच खोटे कसे असतील?" गौरी हळूच म्हणाली. "नवे करताना त्यात लोखंड घातलं असेल."

चंचलबेन काही बोलणार एवढ्यात घंटी वाजली. टण्ण.

उरलेले चार प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. सावली, बी, वाफ, सगळं गौरीच्या डोक्यात तसंच राहिलं. चंचलबेननी मुख्याध्यापकांना काहीतरी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बेन, एकीला जास्त वेळ दिला तर बाकीच्यांवर अन्याय." तेही खोटं नव्हतं.

आठवड्याने फळ्यावर नावं लागली. आदित्य अ. गौरी ब.

अर्चना घरी आली. चहा ठेवला आणि तो उतू जाताना बघत राहिली. "मीच शिकवलं," ती आरशाला म्हणाली. "आधी चुकीचं शिकवलं आणि मग तेही बोलू नको म्हणाले. काय आई आहे!"

गौरीला तुकडीचं काही वाटत नव्हतं. तिला नवा उद्योग लागला होता. ती मला घेऊन घरभर फिरत होती. बिजागरी, कडी, सायकल, शिवणयंत्र. फिरत फिरत ती स्वयंपाकघरात खालच्या फळीवरच्या मोठ्या डब्याशी आली. त्यावर अर्चनाचं नाव कोरलेलं होतं आणि खाली वडिलांचं. लग्नात दिलेला. या घरातल्या प्रत्येक भांड्याला मला लावून झालं होतं, पण या डब्याला कधी कोणी लावलं नव्हतं.

गौरीने लावलं. मी घट्ट चिकटलो.

अर्चना ओट्याशी वळली. तिने पाहिलं. अगदी हलक्या आवाजात तिने विचारलं, "गौरी, आजोबांचा डबा... खोटा आहे का गं?"

गौरीने मला काढून डब्याच्या झाकणाला लावलं, मग कडेला, मग बुडाला. झाकण उघडून आत डोकावली.

"खोटा कसा असेल?" ती म्हणाली. "पीठ तर राहतंय की यात. लोखंड जास्त आहे, एवढंच."

अर्चना तिथेच फरशीवर बसली. डब्यावरच्या नावावरून तिने पदराने पीठ पुसलं, गौरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आण इकडे तो चुंबक. अजून काय काय राहिलंय बघायचं?"

आता मी गौरीच्या दप्तरात राहतो. चौथी ब मध्ये जातो. एकदा बाकावरून पडलो, तेव्हा कडेचा टवका उडाला. ताकदही थोडी कमी झालीय. जड खिळे आता मधूनच निसटतात. मुलं मला हातोहात फिरवतात आणि मिळेल त्याला लावून पाहतात. माझी तक्रार नाही.

तुमच्याकडेही कधी पोरांची तपासणी होईल. टेबल असेल, शेजारी घंटी असेल. एवढंच करा, की ती घंटी जरा उशिरा वाजवा. मला लोखंडापाशी पोचायला वेळ लागत नाही. पोरांना लागतो.