नवव्या फेरीचा गुलाल

दहा फेऱ्या मारून निघालो तिथेच परत यायचं, यात मर्दुमकी कसली, हे स्नेहलला बी.कॉम. होऊनही उमगलं नव्हतं. मुरबाडबाहेरच्या बंद कारखान्याला वळसा घालणाऱ्या डांबरी रस्त्यावर जुन्या गाड्या पळत होत्या. मागच्या सीटा उपटलेल्या, आत लोखंडी गज वेल्ड केलेले, पत्रा असा चेपलेला की भंगारवाल्यानेही नाक मुरडावं. त्यातल्या निळ्या गाडीत तिचा नवरा आदेश होता.

सकाळी त्याने बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, "आज हरलो तर गाडी भंगारात. परत नाव नाय काढणार." तेव्हापासून तिचं देवाकडे एकच मागणं होतं : हरू दे, पण धडधाकट परत येऊ दे.

टोकावड्याचा भगीरथ लाल गाडी घेऊन आदेशच्या दाराला दार घासत होता. वळणावर आदेश आतून घुसे, सरळ रस्त्याला भगीरथ बरोबरी गाठे. बाळाचं टोपरं कानांवर ओढत ती फेऱ्या मोजत होती. बाकी कुणी मोजत असेल तर शपथ.

नववी फेरी संपत आली तशी निळी गाडी हातभर पुढे सरकली आणि धाकटा दीर दामू गुलालाचं पोतं घेऊन उठला. त्याचं सगळं आयुष्य बैलगाड्यांच्या शर्यतींत गेलेलं, तिथे एकदा झेंडा गाठला की संपलं.

"भावजी, अजून एक फेरी आहे."

"वैनी, तुमी बाळाला बघा. झेंड्याला पयला तो पयला."

"हे बैल नाहीत." पण दामू केव्हाच पुढे पळाला होता.

"बैलांना तरी अक्कल असते," ती पुटपुटेपर्यंत त्याचं टोळकं गुलाल उधळत रस्त्यात होतं.

निळ्या गाडीची काच गुलाबी झाली. आदेशने पाणी मारून वायपर फिरवला, तसा गुलालाचा चिखल झाला. रस्ता वळला, गाडी सरळ गेली आणि कडेला रचलेल्या टायरांच्या ढिगात घुसली. भगीरथ दहावी फेरी आरामात मारून जिंकला.

स्नेहल धावली. आदेश खोकत बाहेर आला. तिने त्याचे हात पाहिले, पाय पाहिले, कपाळ चाचपलं. सगळं शाबूत. मग कुठे तिच्या जिवात जीव आला, आणि त्यामागोमाग तिडीकही आली.

"ही हार धरायची नाय," दामू म्हणत होता. "पुढच्या रविवारी परत लावू."

"मी पुढंच होतो ना गो?" आदेशने विचारलं. "तू मोजत होतीस."

"होतात. नऊ फेऱ्या."

"मग?"

"शर्यत दहाची होती. आणि शब्द मला नाही, ह्याला दिलाय तुम्ही."

त्याने बाळाकडे पाहिलं. बाळ त्याच्या गुलाबी तोंडाकडे बघून रडायला लागलं. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

शर्यत संपताच गोजर नावाचा भंगारवाला टेम्पो घेऊन आत शिरला होता, मोडक्या गाडीचा त्याला बरोबर वास येई. स्नेहलने त्याला हात केला.

"वैनी, निदान नवे टायर तरी काढून घेऊ का?" दामूने विचारलं.

"घ्या की. चारच आहेत, तेवढे येतील मोजता."